भोसरीतला गाळा बंद केला, पुन्हा सुरू करायचाय

चिंचवडकर
वय २७, मेकॅनिकल डिप्लोमा. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन सीएनसी टर्निंग मशिनं (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) टाकली. जुनं बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातून, नवं बँकेच्या कर्जावर. कामाला तोटा कधीच नव्हता. पण ८० टक्के काम एकाच पार्टीचं. पेमेंट आधी ६० दिवसांनी यायचं, मग ९०, शेवटी पाच महिने. इकडे बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी मात्र खिशातून भरायचा. दिवाळीला पोरांचे पगार द्यायला आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या, त्या दिवशी ठरवलं, बास.

गाळा सोडला, जुनं मशिन विकलं. नवं मित्राच्या शेडमध्ये ताडपत्री घालून ठेवलंय. कर्ज ११ लाख बाकी, पार्टीकडून येणं साडेसहा लाख. बाबा काहीच बोलत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. एकदा बंद करून परत उभे राहिलेल्यांनी सांगा, दुसऱ्यांदा काय वेगळं केलंत?

निगडी_२२
चाकणला नोकरी बघ. कर्ज फिटलं की पुढचं ठरव.

इंद्रायणीनगर
भाऊ, मी ५४ वर्षांचा आहे. २००९ मध्ये माझ्याही गाळ्याला कुलूप लागलं होतं.

३,००० बुशांचा, म्हणजे आरपार भोक असलेल्या छोट्या नळ्यांचा, लॉट होता, मटेरियल पार्टीचं. रात्रपाळीला ऑपरेटरने बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक आतून कापणारा तुकडा, बदलला, पण झिजलेल्या इन्सर्टसाठी मशिनमध्ये दिलेला ऑफसेट (मापाची भरपाई) तसाच राहिला. भोकाचं माप तपासणारा प्लग गेज दर ५० नगांना लावायचा, तो कुणी लावला नाही. सकाळी मी एक बुश उचलून गेज लावला तर त्याची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती अलगद आत गेली. दुसरा घेतला, तिसरा घेतला, तेच. बोअर (भोक) मोठा झाला की दुरुस्ती नसते. मटेरियलसकट नुकसान माझ्या नावे टाकणारी डेबिट नोट आली.

पुढची दोन वर्षं मी लोकांना सांगत होतो की मंदीने मारलं. मंदी होतीच. पण गेज कुणी, कधी लावायचा आणि कुठे लिहायचा, हे मी कधी ठरवूनच दिलं नव्हतं. हे एकदा स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं तेव्हा डोक्यावरचं ओझं हललं. २०११ ला एका मशिनवर सुरुवात केली. मशिनशेजारी तपासणीचा कागद टांगला, तो आजही टांगलेला असतो. आणि एका पार्टीचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यापायी दोनदा मोठी ऑर्डर सोडली, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

तुझं कामात काही चुकलेलं दिसत नाही, उधारीत चुकलंय. ९० दिवसांवर गेलं तेव्हा तू माल थांबवला नाहीस. ती भीती मला माहीत आहे, काम जाईल म्हणून गप्प बसतो आपण. बाबांसमोर वही घेऊन बस आणि हे एवढंच सांग. ते बोलतील.

हिशोब_कोथरूड
मी लहान कारखान्यांचे हिशोब बघते. काम केलंस तेव्हा उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) होती का? असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने पेमेंट ४५ दिवसांत व्हायलाच हवं, करारात जास्त मुदत लिहिली असली तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर अर्ज कर, तो असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे जातो. वेळ लागतो, पण नुसत्या अर्जानेही पार्ट्या हलताना मी पाहिल्यात. २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत दिली नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही, त्यामुळे त्यांच्या अकाउंट्सलाही घाई असते.

बँकेत मात्र उद्याच जा, दादा. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए (बुडीत खात्याकडे) जातं. त्याआधी गेलास तर मुदत वाढवून मागता येते, नंतर सगळं अवघड. आणि पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), डिलिव्हरी चलनं एका फायलीत लाव.

चिंचवडकर
उद्यम नोंदणी पहिल्याच महिन्यात केली होती. काल रात्री फाईल काढली. ४१ चलनांपैकी ३८ वर त्यांच्या स्टोअरचा शिक्का आहे. उरलेली तीन शोधायला बाबा माझ्यासोबत एक वाजेपर्यंत बसले. दोन सापडली.