हा थुंकणारा कोळी आहे का? ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला राहतो, मागे येऊरचं जंगल त्यामुळे किडेमुंग्या घरात येतात त्याचं काही नवल नाही, पण सध्या बाथरूमच्या खिडकीपाशी रात्री एक कोळी दिसतोय तो नेहमीचा वाटत नाही. अंग जेमतेम अर्धा सेंटीमीटर, फिकट पिवळसर, त्यावर काळे ठिपके, पाय काडीसारखे आणि पायांवर काळी वलयं. चालतो एकदम सावकाश, पुढचे पाय लांब करून चाचपडत चाचपडत. आणि डोक्याकडचा भाग वर फुगलेला, जवळपास पोटाएवढाच! काल तिथे एक चिलट भिंतीला चिकटलेलं दिसलं, आजूबाजूला जाळं नाही, मोबाईलचा टॉर्च मारला तर अंगावर बारीक नागमोडी धागे.

थुंकणारा कोळी म्हणतात तो हाच का? की छताच्या कोपऱ्यात लटकतात ते लांब पायवाले? घरात रांगतं बाळ आहे, आई म्हणते झाडूने मारून टाक, मला मारायचा नाहीये पण खात्री हवी. फोटो ब्लर येतायत, नक्की काय बघू?

प्रतिसाद :
दादा, मारू नका प्लीज. वर्णनावरून स्कायटोडिस, म्हणजे थुंकणारा कोळीच वाटतोय. फोटोत डोळे मोजा, बहुतेक कोळ्यांना 8 असतात, याला 6, दोन-दोनच्या 3 जोड्या, एक पुढे मधोमध आणि दोन बाजूंना. अमेरिकेतल्या विषारी ब्राउन रेक्लूज कोळ्याचेही डोळे असेच असतात, म्हणून नेटवर फोटो जुळवून घाबरू नका, त्याची पाठ चपटी असते, याची फुगीर. त्या फुगवट्यात मोठ्या ग्रंथी असतात, विष आणि चिकट धागा दोन्ही तिथेच बनतं आणि विषदातांतून एक-दोन सेंटीमीटरवरच्या किड्यावर उडतं. उडवताना दात इतक्या झपाट्याने हलतात की धागा नागमोडीच पडतो, तुम्ही चिलटावर पाहिलात तसा. लटकणारा वेगळा, तो जाळ्यात उलटा असतो, धक्का लागला की गदागदा हलतो. तोंडात अंड्यांचा पुंजका दिसला तर त्यावरून मात्र ठरवू नका, दोघांच्याही माद्या तसा धरतात. माणसाला याचा धोका नाही, बाळाची काळजी नको.

धागाकर्ता :
खूप आभार ताई, जिवात जीव आला. आईला वाचून दाखवलं, झाडू तूर्तास जागेवर ठेवलाय. रात्री डोळ्यांचा फोटो मिळाला की इथेच टाकतो.