कमी वजनाचं बाळ: बाबाने कांगारू केअर दिली तर चालते का?

नवा_बाबा:
बाळ ३४व्या आठवड्यात झालं, वजन १.८ किलो. आता १.९५ आहे आणि परवाच घरी सोडलंय. डॉक्टरांनी जमेल तितका जास्त वेळ कांगारू केअर द्या, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी अंगाला अंग लावून धरा, म्हणून सांगितलंय. बायकोचं सिझेरियन झालंय, तिच्याकडून पाच-सहा तासांच्या वर होत नाही. बाकीचे तास मी घ्यावेत म्हणतो, पण आजींचं म्हणणं, बाप्याच्या छातीवर ठेवून काय उपयोग, दूध थोडंच आहे! शिवाय माझ्या छातीवर केस आहेत. नेमकं कसं धरायचं, किती वेळ, आणि काय सांभाळायचं?

नवजात_परिचारिका:
जरूर द्या. ऊब द्यायला दूध लागत नाही, उघडी छाती लागते. एवढ्याशा बाळाच्या अंगावर चरबी फार कमी असते, त्यामुळे ते पटकन गार पडतं. मग जे दूध वजन वाढवायला हवं, ते अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतं.

केस काढायची गरज नाही. आंघोळ करून या, पण अत्तर, डिओ, बाम काही लावू नका. सिगारेट ओढत असाल तर ती बंद. ताप, खोकला किंवा अंगावर पुरळ असेल त्या दिवशी बाळ घेऊ नका.

पलंगावर पाठीशी उशा लावून अर्धवट रेलून बसा, साधारण ३० ते ४५ अंशांत. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. छातीच्या मधोमध उभं धरा, डोकं एका बाजूला वळवलेलं, मान अगदी किंचित वर. पाय बेडकासारखे फाकलेले, हात दुमडलेले. मग जुनी मऊ सुती साडी दोघांभोवती गुंडाळा. तिची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यायला हवी. साडी घट्ट हवी ती बाळाच्या छातीवर, पोटावर सैलच ठेवा; तान्हं बाळ श्वास पोटाने घेतं. वरून पुढे उघडणारा शर्ट.

सगळ्यात जास्त चुकतं ते मानेपाशी. बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. नाक-तोंड तुम्हाला सतत दिसायला हवं. आणि सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन झोपायचं नाही, कितीही थकलात तरी. डोळे मिटायला लागले की बाळ दुसऱ्याकडे द्या.

तान्हुला_मंच:
वेळेबद्दल. एका बैठकीत निदान तासभर, कारण सारखं काढलं-ठेवलं की बाळ दमतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. एकट्या आईने, तेही पोटावर टाके असताना, एवढं करायचं म्हणजे तिचे हाल. म्हणून बाबाचे तास ठरलेले हवेत, ‘वेळ मिळाला तर’ नकोत. रात्री ९चं पाजणं झालं की बाळ तुमच्याकडे, पुढच्या पाजण्यापर्यंत. तेवढ्यात तिला दोन-अडीच तास सलग झोप मिळते, आणि विश्रांती मिळाली की अंगावर पाजणंही तिला सोपं जातं.

काढलेलं दूध वाटी-चमच्याने तुम्हीही पाजू शकता. किती, ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. पाजताना बाळ जागं आणि डोकं वर हवं. घाई केली की ठसका लागतो. दूध उकळायचं नाही. वाटी-चमचा मात्र उकळून घ्या.

रजेचं बघा. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत अशी कायद्याने सक्ती नाही, कंपनीचे नियम विचारा. सगळी रजा दवाखान्यातच संपवू नका, खरी गरज घरी आल्यावर पडते.

नवा_बाबा:
आभार! थांबायचं कधी? आणि आजींचं काय करू?

नवजात_परिचारिका:
वजन २.५ किलोच्या आसपास गेलं की बहुतेक बाळं स्वतःच सांगतात. हातपाय बाहेर काढतात, वळवळतात, बांधलं की रडतात. तोवर चालू ठेवा.

आजींना कामाला लावा. तासभर झाला की त्यांनी हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावायची. दोन्ही गरम, म्हणजे उत्तम. पोट गरम पण तळपाय गार, म्हणजे बाळ गारठू लागलंय. टोपी-मोजे नीट करा, अंगावर आणखी एक पांघरूण घ्या. दोन्ही गार असतील तर बाळ छातीशी धरूनच थेट दवाखाना गाठा. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअसमध्ये हवं. बाळ दूध ओढेनासं झालं, धापा टाकू लागलं, निळसर दिसलं किंवा हलवूनही जागं होत नसेल, तरी वाट बघू नका.

तुमच्या छातीवर तासभर राहून तळपाय गरम लागले ना, की आजी पुढचं कधी विचारायच्या नाहीत.