गेस्टचं ‘रेन चेक’ म्हणजे नक्की काय?

मालवण_होमस्टे:
इंग्रजी वाचता येतं, पण काही मेसेज अडकवतात. जुलैच्या बुकिंगवर एकाने लिहिलंय, ‘कॅन वी टेक अ रेन चेक?’ पावसाचा अंदाज हवाय की बुकिंग रद्द? दुसरे म्हणतात, ‘पेन्सिल अस इन फॉर द फोर्टीन्थ.’ खोली धरायची का?

खाडीकाठ:
पावसाचा काही संबंध नाही, पण जुलैत कोकणातल्या माणसाचा घोळ होणारच. ‘रेन चेक’ म्हणजे ‘आत्ता नको, पुढे कधीतरी’. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावर पुढचा सामना बघता यायचा, तिथून हे आलं. तारीख सुटली असं धरा आणि लगेच विचारा, ‘शुअर, विच मंथ सूट्स यू?’ महिना कळवला तर यायचंय. ‘विल लेट यू नो’ आलं तर बहुतेक गोड नकार. ॲडव्हान्स घेतला असेल तर परत देणार की पुढे वळता करणार, आणि दर कुठला, हे त्याच मेसेजमध्ये लिहा. नाहीतर माणूस दिवाळीत पावसाळी दराने दारात उभा.

‘पेन्सिल इन’ ही कच्ची नोंद, खोडता येणारी. ती पक्की समजून दुसरं गिऱ्हाईक परत पाठवू नका. मुदत द्या: ‘आय कॅन होल्ड इट टिल सिक्स टुमॉरो. ॲडव्हान्स कन्फर्म्स इट.’

देवगडकर:
याहून महाग पडतं ते ‘वी विल प्ले इट बाय इअर’. स्वरलिपी न बघता कानाने वाजवायचं, म्हणजे आयत्या वेळी ठरवू. फिरण्याबद्दल असेल तर चालू द्या. जेवणाबद्दल असेल तर सकाळी आणलेली सुरमई तुमच्याच गळ्यात. ‘आय बाय फिश इन द मॉर्निंग, प्लीज कन्फर्म डिनर बाय एट’ एवढं कळवा. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा. तो देताना ‘अराउंड’ लिहा, नाहीतर तोच पक्का भाव धरतात.

गुहागर_कट्टा:
रिव्ह्यूसुद्धा नीट वाचा. ‘फूड वॉज नथिंग टू राइट होम अबाउट’ म्हणजे जेवण यथातथाच. त्याला ‘थँक यू सो मच’ असं उत्तर टाकलेलं बघवत नाही. ‘बाय अँड लार्ज गुड’ म्हणजे एकंदरीत बरं, कुठेतरी खोट आहे. शब्द शिडाच्या जहाजावरचा आहे: ‘बाय’ म्हणजे वारा पुढून, ‘लार्ज’ म्हणजे मागून, दोन्ही वाऱ्यांत चालणारं. खोट कुठली ते पुढच्या ओळीतल्या ‘बट’नंतर सापडतं.

मालवण_होमस्टे:
ह्या बरा सांगितलात! चौदा तारखेवाल्यांना सहाची मुदत पाठवली. मेन्यूवर ‘सोलकढी ऑन द हाउस’ लिहिलं तर चालेल ना?

देवगडकर:
फुकट देणार असाल तर. थाळीच्या दरातच धरली असेल तर ‘इन्क्लुडेड’ लिहा. आणि फुकट असली तरी ‘फर्स्ट ग्लास’ घाला, लोक चार-चार वाट्या पितात.