रजिस्टर लग्न, नागरी विवाह आणि "एकेरीवर येणे"

मंडळी, शंका तशी छोटीच आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकते.

गुरुवारी, म्हणजे १७ जुलै २०२५ ला, भाचीचं लग्न झालं. रजिस्टर. मुलगा दुसऱ्या धर्माचा, त्यामुळे स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. आधी नोटीस, मग ती नोटीस ऑफिसच्या बोर्डावर, मग तीस दिवस वाट बघा कुणी हरकत घेतंय का, आणि मग तारीख. तीन साक्षीदार लागतात त्यातली एक मी. दोघांनी एकमेकांना म्हणायचं वाक्य असतं, ते कागदावर इंग्रजीत होतं, पण तिथल्या बाई म्हणाल्या तुम्हाला समजेल त्या भाषेत म्हणा, चालतं. भाचीने जागच्या जागी मराठी केलं, "मी तुला माझा कायदेशीर नवरा म्हणून स्वीकारते". झालं. मागून तिची आजी कुजबुजली, "अगं 'तुम्हाला' म्हण, चारचौघात एकेरी काय!" बाई हसल्या, सह्या झाल्या, पेढे वाटले.

संध्याकाळी घरी टीव्ही लावला तर विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या कार्यकर्त्यांची मारामारी चाललेली. शर्ट धरलेत, शिव्या चालल्यात. आणि त्याच आजी म्हणतात, "बघा, एकेरीवर आले लगेच!" तेव्हा माझं डोकं फिरलं (चांगल्या अर्थाने). सकाळचं एकेरी आणि संध्याकाळचं एकेरी, शब्द एकच.

तर प्रश्न दोन. एक, "एकेरीवर येणे" यात वाईट नक्की काय आहे? दोन, रविवारी जेवण ठेवलंय त्याचा मेसेज लिहायचाय आणि घरात तीन तट पडलेत. भाऊ म्हणतो "नोंदणी विवाह", वहिनी म्हणते "विवाह नोंदणी", जावई पेपरात वाचून "नागरी विवाह" म्हणतो. बरोबर काय?

*

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण माझी सगळी नोकरी त्याच टेबलावर गेली.

"नोंदणी विवाह" आणि "विवाह नोंदणी" हे शब्द उलटसुलट केले की अर्थ पार बदलतो, आणि लोक रोज बदलतात. विवाह नोंदणी म्हणजे लग्न आधीच लागलंय, भटजींनी लावलं, काझींनी लावलं, कसंही, आता फक्त त्याची नोंद करायची. आपल्याकडे १९९८ चा कायदा आहे त्यासाठी, नमुना ड भरायचा, गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात महापालिकेत. तिथे बसतो तो विवाह निबंधक. नोंदणी विवाह म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तिथेच, त्या खोलीत, ते वाक्य म्हटल्यावर लग्न होतं. तिथे असतो तो विवाह अधिकारी. तुमच्या भाचीचं हे दुसरं. तेव्हा वहिनींचं चुकलं, भाऊ बरोबर.

आणि हो, "कोर्ट मॅरेज" हा सगळ्यात गमतीचा शब्द. त्यात कोर्ट कुठेच नाही, न्यायाधीश नाही, वकीलही लागत नाही. तरी आमच्या दारात रोज एक तरी जोडपं घाबरत विचारायचं, "साहेब, कोर्ट हेच का?" काहीजण त्याच दिवशी लग्न लावून द्या म्हणायचे. तीस दिवस म्हटलं की चेहरे पडायचे आणि मग ती मंडळी आळंदीची गाडी धरायची. आळंदीला लागलं तर ते धार्मिक विधीचं लग्न झालं, मग त्याची विवाह नोंदणी. म्हणजे दोन्ही शब्दांची गरज आहे, फक्त जागा सांभाळा.

*

जावयाचा "नागरी" मात्र कानाला बोचतो. नागरी म्हटलं की मला नागरी सहकारी बँक आठवते, नागरी सुविधा केंद्र आठवतं. नागरी विवाह म्हणजे काय, शहरातलं लग्न? ग्रामीण विवाह वेगळा असतो का?

मूळ घोळ "सिव्हिल" या शब्दाचा आहे. आपण त्याचे इतके तुकडे केलेत की बास. सिव्हिल कोर्ट म्हणजे दिवाणी. सिव्हिल सर्व्हिस म्हणजे मुलकी सेवा, निदान जुन्या कागदांत. सिव्हिल इंजिनिअरिंग म्हणजे स्थापत्य. सिव्हिल एव्हिएशन नागरी. सिव्हिल हॉस्पिटलला तर कुणी काही म्हणायच्या भानगडीतच पडलं नाही, "सिव्हिलला नेलं" म्हटलं की जिल्ह्याला कळतं. आणि सिव्हिल वागणं म्हणजे सभ्य.

आता हा "सभ्य" बघा. सभा या शब्दाला य लागून झालाय, पाणिनीने त्यासाठी सूत्रच केलंय, "सभाया यः". सभेत बसायला जो लायक तो सभ्य. म्हणजे मुळात चांगल्या वागण्याचा दाखला सभेवरून द्यायचा होता! गुजरातीत तर अजून आमदाराला धारासभ्य म्हणतात आणि खासदाराला संसदसभ्य. मराठीने सदस्य आणि सभासद घेतले आणि सभ्य हा शब्द घरी ठेवला, पाहुण्यांसमोर पोरांना दटावायला. कदाचित भाषेला आधीच कळलं असेल.

*

धागाकर्ती. धारासभ्य!!! हे माहीत नव्हतं, आज दिवसभर हसणारे.

पण मग "असंसदीय" कुठून आला? सभ्य-असभ्य असताना नवा शब्द लागला कशाला?

*

कारण असभ्य म्हटलं की माणसाला लागतं, असंसदीय म्हटलं की फक्त शब्दाला लागतं. माणूस सुटतो.

विधानसभेचं कामकाज बघा कधीतरी. कुणी काही बोललं, गदारोळ झाला, की वरून आवाज येतो, "तपासून कामकाजातून काढून टाकण्यात येईल". शब्द काढला, बोलणारा तिथेच. लोकसभा सचिवालय तर अशा काढलेल्या शब्दांच्या याद्याच काढतं. २०२२ च्या जुलैत आलेल्या यादीत जुमलाजीवी होता, शकुनी होता, नौटंकी होता, निकम्मा होता. बोंबाबोंब झाल्यावर अध्यक्ष ओम बिर्ला यांनी सांगितलं की कुठल्याही शब्दावर बंदी नाही, आधी वगळलेल्या शब्दांचं ते फक्त संकलन आहे. आता नौटंकी ही बिचारी लोककला, तिने काय घोडं मारलं होतं.

त्या दालनाचे बाकीचे शब्दही भारी आहेत हां. वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरणे याला मराठी पत्रकार "हौद्यात उतरणे" म्हणतात, जणू म्हशी उतरतायत. राजदंड पळवणे. सभात्याग, हा ऐकायला किती उदात्त, जणू संन्यासच घेतला, आणि चहा पिऊन परत. ५ जुलै २०२१ ला बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, तालिका अध्यक्षांना (अध्यक्षांच्या जागी तेवढ्यापुरते बसणारे) शिवीगाळ केल्याचा आरोप होता. पुढच्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ते निलंबन रद्द केलं, अधिवेशनापुरतं काढू शकता, वर्षभर नाही म्हणून. शिवी काय होती ते अर्थात कामकाजात नाही.

*

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे हा प्रश्नच नाही, कारण आमच्याकडे सगळ्यांचंच सिव्हिल. पोर्तुगीज काळापासून लग्न सरकारदरबारी नोंदवायची पद्धत, हिंदू काय ख्रिस्ती काय. दोन वेळा जावं लागतं, एकदा इरादा सांगायला आणि मग ठरलेल्या दिवसांनी कायम करायला. त्यामुळे लोक म्हणतात "पयली सय जाली", "दुसरी सय जाली". दुसरी सही झाली की कायद्याने नवराबायको, मग मांडवात कधी का उभे राहिना. माझ्या स्वतःच्या बाबतीत सही आणि अक्षतांमध्ये चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत आम्ही नक्की कोण होतो हे दोन्हीकडच्या आयांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तेव्हा माझं मत "सही". छोटा शब्द, मराठी माणसाला कळतो, त्यात कोर्टही नाही आणि नगरही नाही.

*

नावावर एवढा खल करताय ते ठीक पण जरा राजकारणाकडे बघा, लग्नाचे सगळे शब्द तिकडे पळवलेत. युती झाली की "सोयरीक", नव्या पक्षात गेला की "घरोबा", टिकलं तर "नांदतायत", कुरबुर झाली की "संसारात खडखडाट", सोडलं की "सोडचिठ्ठी", नाहीतर "काडीमोड". अहो काडीमोड ही खरी रीत होती, पंचांसमोर काडी मोडायची की नातं संपलं. ज्या समाजांत ती होती तिथल्या बायकांना त्यातून मोकळं होऊन पाट (म्हणजे दुसरं लग्न) लावता यायचा, ब्राह्मण बाईला ते नव्हतं. इतका वजनदार शब्द आणि आता तो तिकीट कापलेल्या नगरसेवकासाठी वापरतात. २३ नोव्हेंबर २०१९ चा तो पहाटेचा शपथविधी आठवा, त्या दिवशी अर्ध्या महाराष्ट्राच्या व्हॉट्सॲपवर पळून जाऊन केलेल्या लग्नाचेच जोक होते. पण ज्यांनी खरंच पळून जाऊन रजिस्टर लग्न केलं त्यांना निदान तीस दिवसांची नोटीस बोर्डावर लावावी लागते. यांना नाही.

*

वरच्यांना अनुमोदन, आणि जरा इतिहास. स्पेशल मॅरेज ॲक्टमधला "स्पेशल" आता चमत्कारिक वाटतो, पण आधी १८७२ चा कायदा होता, बंगालातल्या ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून आलेला. त्याखाली लग्न करायचं तर लिहून द्यावं लागायचं की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध नाही, शीख नाही, जैन नाही, ज्यू नाही. म्हणजे आधी सगळं नाकारा आणि मग होकार द्या. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात ते नाकारायची गरज उरली नाही, आणि १९५४ ला सगळ्यांसाठीच गेली. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत केलं ते लग्नही सिव्हिलच. भटाशिवाय लग्न तर आपल्याकडे त्याच्याही आधीचं, सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ ला लावलं, त्यात नवरानवरीच एकमेकांना वचन देतात. त्यामुळे "हे साहेबी फॅड" म्हणणाऱ्या काकांना हे वाचून दाखवा.

बाकी महाराष्ट्र सरकारने १३ डिसेंबर २०२२ ला एक समिती नेमली होती, नाव "आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती", आणि ओरडा झाल्यावर दोनच दिवसांत त्यातून आंतरजातीय हा शब्द काढला. त्याला कामकाजातून काढणे म्हणत नाहीत पण प्रकार तोच. आणि "समन्वय" हा शब्द बघा कुठे वापरलाय, लग्न केलेल्या दोन सज्ञान माणसांवर.

*

पहिला प्रश्न सगळ्यांनी सोडलाच की!

"एकेरीवर येणे" यातला मुद्दा "येणे" हा आहे. वरून खाली येणे. सभागृहात आधी "सन्माननीय सदस्य", "अध्यक्ष महोदय", मग "आपण", मग "तुम्ही", मग "ए". पायऱ्या उतरत उतरत हौद्यात. तुमच्या भाचीचं तसं नाही, ती कुठून खाली आलीच नाही, ती पहिल्यापासून तिथेच होती. आपण देवाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो. मित्राला "अरे" म्हणतो आणि तो "कारे" म्हणतो, त्याचंच भांडण झालं की "अरे ला कारे".

मला अजून एक दिसतं, व्याकरणातलं. भाचीचं वाक्य बघा, "मी तुला स्वीकारते". कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद सरळ, पळवाट कुठेच नाही. आता पुढाऱ्याचं वाक्य घ्या. "बोलण्याच्या ओघात शब्द गेले असतील", "जीभ घसरली", "कुणाची मनं दुखावली असतील तर दिलगिरी". बोललं कोण? जीभ. दुखावलं काय? मनं. "मी" कुठाय? आणि दिलगिरी म्हणजे माफी नव्हेच, दिलगीर म्हणजे खिन्न. साहेब खिन्न आहेत, एवढंच कळतं. याच महिन्यात आमदार निवासाच्या कँटीनमध्ये शिळ्या डाळीवरून कर्मचाऱ्याला बुक्की मारणाऱ्या आमदारांनी निदान मारल्याचं नाकारलं नाही, वाक्याला कर्ता होता म्हणायचं. फार पूर्वी नाही, २०१३ ला धरणाच्या पाण्यावरून जे बोललं गेलं (बघा, मी पण "बोललं गेलं" म्हणतोय!) त्यानंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर बसले आणि "आत्मक्लेश" हा शब्द सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाला. त्याआधी तो मी फक्त पोथीत वाचला होता.

*

धागाकर्ती पुन्हा. सगळ्यांचे आभार. आजींना धारासभ्य सांगितलं, त्यांनी तोंडाला पदर लावला. "येणे"वालं स्पष्टीकरण पण वाचून दाखवलं, त्यावर म्हणाल्या, "ते सगळं बरोबर आहे, पण आमच्या वेळी तू म्हणायला नातवंडं व्हावी लागायची."

मेसेज शेवटी असा गेला: "आमच्या मुलीचं रजिस्टर लग्न गुरुवारी झालं. रविवारी दुपारी जेवायला या, आहेर आणू नका." नोंदणी, नागरी, सही सगळं राहिलं, कारण वहिनी म्हणाली रजिस्टर म्हटलं की कुणी फोन करून विचारत नाही. तरी एकाचा आलाच. त्याला मुहूर्त काय होता ते हवं होतं. मी सांगितलं, पावणेबाराचा टोकन.