मदत हवी आहे: २८० एसएल 'पॅगोडा', गरम झाल्यावरही मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी)

गाडी: मर्सिडीज-बेंझ २८० एसएल (डब्ल्यू ११३), १९७०, एम १३० इंजिन, बॉशचा सहा प्लंजरचा यांत्रिक इंजेक्शन पंप. थंड असताना लगेच सुरू होते. ८० अंशांच्या वर गेली की आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचं चालणं) लडखडतं, काळा धूर येतो, सहाही प्लग काजळलेले.

पॉइंट, टायमिंग, प्लग नीट आहेत. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल सोडणारा) मॅनिफोल्डवरून काढून पाहिला, गळत नाही. पंपावरच्या वॉर्म-अप युनिटचा (इंजिन गरम होईपर्यंत जादा हवा-पेट्रोल देणारा भाग) छोटा एअर फिल्टर काढून गरम इंजिनवर तोंडाशी बोट धरलं, तर ओढ अजून जाणवते. म्हणजे आतला हवेचा मार्ग पूर्ण बंद होत नाही, आणि त्याच्यासोबत जादा पेट्रोलही चालू राहतं. त्यातली स्लीव्ह (हवेचा मार्ग उघडबंद करणारी सरकती नळी) साफ केली, मोकळी सरकते. थर्मोस्टॅट एलिमेंट (गरम झाल्यावर पिन ढकलून स्लीव्ह सरकवणारा भाग) गरम पाण्यात धरल्यावर पिन बाहेर येते. पुरेशी येते का, हा खरा प्रश्न.

पंपामागचा आयडल मिश्रणाचा स्क्रू (अर्थातच इंजिन बंद ठेवून) मुद्दाम हलवलेला नाही. मूळ दोष लपेल. कॅलिब्रेशन बेंच (पंप मोजून जुळवायचं यंत्र) नसल्याने पंप उघडायचा नाही.

२० ते ८० अंशांत पिन नेमकी किती मिलिमीटर सरकायला हवी? आणि ती कमी भरली तर एलिमेंटखालच्या शिम (पातळ चकत्या) बदलून भागेल, की एलिमेंटच नवीन घ्यावं?