छाया म्हणजे अंधार का?

प्रश्न (भुसावळ) : चित्रकलेतल्या 'क्यारोस्कुरो'ला आपण 'छायाप्रकाश' म्हणतो. गाण्यातल्या भरलेल्या नि रित्या जागांनाही तोच शब्द चालेल का? एका मैफलीचं निवेदन लिहायला घेतलंय.

उत्तर (रावेर) : चालेल, पण मन घेत नाही. इटालियनमध्ये क्यारो म्हणजे उजळ, ओस्कुरो म्हणजे गडद. सरळ विरुद्ध जोडी. तिकडच्या गानगुरूंनीही हा शब्द उचलला आहे : एकाच स्वरात झळाळी हवी आणि गडदपणाही. १७०० च्या सुमारास क्रिस्तोफोरीने घडवलेल्या पियानोचं नावही तसंच, 'पियानो ए फोर्ते', हळू आणि जोरात.

आपली 'छाया' मात्र प्रकाशाची सवत नाही. संस्कृतात छाया म्हणजे सावली, तसंच कांती, प्रतिबिंब, रंगाची झाकसुद्धा. मे महिन्यात आमच्या केळीच्या बागेत शिरा. बाहेर डोळे दिपतात आणि आत अंधार नसतोच. पानांतून गाळून आलेला उजेड असतो, त्यात पांढरा सदराही पोपटी दिसतो. माझ्या लेखी ही खरी छाया.

गाण्याने हाच अर्थ जपला. शार्ङ्गदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी होता (हुद्दा हिशेबखात्याचा, बरं का!). 'संगीतरत्नाकर' या आपल्या संगीतग्रंथात तो 'छाया' हा शब्द काकूसाठी, म्हणजे गाताना आवाजात येणाऱ्या सूक्ष्म फरकासाठी, वापरतो आणि तिचे सहा प्रकार सांगतो. त्यातली एक अन्यरागकाकू : गाताय एक राग आणि त्यावर दुसऱ्याची झाक पडते. 'छायालग' राग म्हणतात तेही यातलेच. दुसऱ्या रागाची छाया पडली म्हणून राग काळवंडला, असं कोणी म्हणत नाही.

चित्रातही जुना शब्द वेगळाच आहे, 'वर्तना', म्हणजे रंग गडद-फिका करून गोलाई दाखवणं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, तिचे पत्रज, हैरिक, बिंदुज असे तीन प्रकार आहेत. आचार्य रेषा वाखाणतात आणि जाणकार वर्तना, असंही तिथे म्हटलंय. फर्दापूरच्या रस्त्याने अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर जरा थांबा. दिवा कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही, जमिनीवर सावलीही पडलेली नाही. अंगाचा रंग कडेकडे गडद होत जातो आणि नाकावर उजळ पट्टा येतो, एवढ्यावर गोलाई उभी राहते. मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, स्वर असाच कडेकडे विरतो.

अमळनेरहून : भाऊ, शब्द घरातच शे : खाली-भरी, तालाचा रिकामा नि भरलेला भाग. तीनतालात खाली नवव्या मात्रेला दाखवतात, पण तिथे 'धा'च वाजतो. डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा) दहावीपासून तेरावीपर्यंत गप्प. चौदावीला 'धिं' आला की घुमारा परत. म्हणजे हाताने दाखवायची खाली एकीकडे आणि कानाला लागणारी दुसरीकडे. आमचे वस्ताद म्हणायचे, "डग्गा गप बसस, ताल बसस नही."

रावेर : वा, हे सुचलं नव्हतं. माझं मत 'खाली-भरी'ला.

भुसावळ : 'काळी चार', 'पांढरी पाच' यातून काही निघेल का?

रावेर : नाही हो, त्या पेटीच्या पट्ट्या. आमच्या भजनी मंडळात काळी चारला सगळ्यात लख्ख आवाज लागतो! खरा उजेडाचा शब्द हवा असेल तर 'संधिप्रकाश राग' आहे : पूर्वी, मारवा, भैरव. कोमल रिषभाबरोबर शुद्ध गंधार-निषाद, म्हणजे दिवस-रात्रीच्या शिवेवरचे. पण ते रागाच्या वेळेचं नाव झालं, तुम्हाला हव्या त्या चढउताराचं नाही.

भुसावळ : निवेदनात 'खाली-भरी' घातलं. संयोजकांनी खोडून पुन्हा 'छायाप्रकाश' केलंय. म्हणाले, बॅनरवर तेच शोभतं.