अकरा घरं, डेन्व्हर (आपला ग्रुप): मुग्धाच्या नव्या स्कींना उद्या ११ वाजता भोकं पाडणार, त्याआधी बोला

*शुक्रवार*

मुग्धा, ८:५२: तातडीचं आहे. उद्या सकाळी ११ ला दुकानात माझ्या नव्या स्कींना बाइंडिंग (बूट स्कीला धरणारा भाग) बसवणार आहेत. एकदा भोकं पडली की ते स्की परत घेत नाहीत. आणि प्रसादने मला न विचारता पायाखाली ११२ मिमी रुंदीच्या घेतल्यात. विचारलं तर म्हणे, "ग्रुपवर सगळे म्हणाले होते." कोण म्हणालं होतं?

अमेय, ८:५५: मी. पण ते प्रसादसाठी होतं. त्याच्याकडे ग्रूमरसाठी, म्हणजे मशीनने दाबून सपाट केलेल्या रन्ससाठी, ८४ ची जोडी आधीच आहे. एकच जोडी ठेवणाऱ्याला मी ११२ कधीच सांगणार नाही.

प्रसाद, ८:५६: वाढदिवसाचं सरप्राइज होतं. विचारून कसं घेणार? आणि ताज्या बर्फाची पावडर पावडर कोण करत असतं घरात?

शिल्पा वहिनी, ८:५७: ११२ म्हणजे पायाला पोळपाट बांधल्यासारखं 😄

निखिल, ८:५७: पोल्सऐवजी लाटणी घ्या

रेवाताई, ८:५९: पोळपाट नंतर लाटा. मुग्धा, उंची, वजन, सीझनमधले दिवस आणि त्यातले ताज्या बर्फाचे किती, ते सांग.

मुग्धा, ९:०१: १६५ सेंमी, ६२ किलो. साधारण १५ दिवस, बहुतेक ब्रेकनरिज आणि कॉपर. निळ्या (मध्यम) रन्स आरामात, काळ्या (अवघड) ग्रूम केलेल्या असतील तरच. पावडर खरं सांगायचं तर तीन-चार दिवस.

सुहास काका, ९:०२: आधी बूट. मग स्की. बूट सैल असेल तर ८८ घे नाहीतर ११२, स्की ऐकणार नाही.

रेवाताई, ९:०६: १५ पैकी ११-१२ दिवस ग्रूमरवर, म्हणजे स्की तिथे जमणारीच पाहिजे. पायाखालची रुंदी महत्त्वाची का, ते प्रसादसाठी लिहिते. ११२ च्या स्कीत बुटाच्या मध्यापासून एज (स्कीची पोलादी कड) ५६ मिमी लांब असते, ९४ च्या स्कीत ४७. कडक बर्फावर स्की एजवर उभी करताना हे ९ मिमी घोटा आणि गुडघा सोसतात, तेही प्रत्येक वळणाला. एका एजवरून दुसऱ्या एजवर जायलाही वेळ लागतो, म्हणून छोटी वळणं जमत नाहीत. दुपारी ब्रेकनरिजच्या रन्स घासून गुळगुळीत झाल्या की हे जास्तच जाणवतं.

प्रसाद, ९:०८: पण मग पावडरमध्ये ९४ बुडणार नाही का?

अमेय, ९:१२: स्की तरते ती एकूण क्षेत्रफळावर आणि टिपच्या रॉकरवर (पुढच्या वर वळलेल्या भागावर), नुसत्या कंबरेवर, म्हणजे पायाखालच्या रुंदीवर नाही. टिप आधीच वर वळलेली असेल तर ती बर्फावर चढते, खाली घुसत नाही. आणि आपल्याकडे रात्रीत ४-६ इंच पडलं तर सकाळी खालचा ग्रूम केलेला थर पायाला लागतोच. ११२ ची खरी मजा फूटभर आणि कुणी न तुडवलेल्या बर्फात. तेवढा पडतो त्या दिवशी आय-७० हायवेवर किती वाजता पोचता, ते आधी सांगा 😀

निखिल, ९:१३: त्यावरून आठवलं. मागच्या वेळी ज्यांच्या गाडीमुळे सगळे अडकलो होतो, त्यांनी टायर बदलले का? आय-७० चा ट्रॅक्शन लॉ (टायरच्या पकडीचा नियम) १ सप्टेंबर ते ३१ मे, डॉटसेरो ते मॉरिसन. टूव्हीलड्राइव्हला हिवाळी टायर किंवा चेन लागतेच, आणि टायरची खाच किमान ३/१६ इंच.

प्रसाद, ९:१४: बदलले. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

शिल्पा वहिनी, ९:१५: स्कीला वॅक्स लावायची इस्त्री कुणाकडे आहे? डिसेंबरपासून विचारतेय.

सुहास काका, ९:१६: मुग्धा, बूट.

मुग्धा, ९:१७: काका, बूट मागच्याच वर्षी घेतलेत, फ्लेक्स (कडकपणा) ८५. अंगठा पुढे लागतो, पण गुडघे वाकवले की मागे सरकतो.

सुहास काका, ९:२१: छान. तरी आज रात्री शेलची, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाची, खात्री कर. आतला लायनर काढ, अनवाणी पाय शेलमध्ये घाल, बोटं पुढे टेकव आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघ. एक ते दीड बोट ठीक, दोन बोटांहून जास्त असेल तर बूट मोठा आहे. मोजा एकच, पातळ. दोन मोज्यांनी पाय गरम राहत नाहीत, उलट बूट घट्ट होऊन रक्त अडतं आणि बोटं गारठतात. आणि शेलवर टाचेजवळ कोरलेला सोलचा मिमी आकडा उद्या दुकानात लागेल, त्याचा फोटो टाक.

मुग्धा, ९:२९: टाचेमागे साधारण सव्वा बोट. सोल २९५. तळाला ग्रिपवॉक लिहिलंय.

रेवाताई, ९:३२: बूट ठीक आहेत. ग्रिपवॉकचा सोल पुढून वर वळलेला असतो, त्यामुळे बाइंडिंगवरही ग्रिपवॉक लिहिलेलं हवं. प्रसाद, बाइंडिंग कोणतं घेतलंस आणि ब्रेक (सुटलेली स्की थांबवणारे हात) किती मिमीचा?

प्रसाद, ९:३४: ग्रिपवॉक आहे. ब्रेक ११५.

रेवाताई, ९:३७: ११२ ला ब्रेक बरोबर आहे, चूक स्कीत आहे. पण ९४-९६ वर गेलीस तर ११५ चा ब्रेक दोन्हीकडून दहा-दहा मिमी बाहेर येणार, स्की झुकवली की त्याचे हात बर्फाला घासणार. ब्रेक कंबरेइतका किंवा त्याहून थोडाच मोठा असावा. तुला १०० चा हवा. बऱ्याच बाइंडिंगवर नुसता ब्रेक बदलता येतो, दुकानात विचार.

शिल्पा वहिनी, ९:३८: इस्त्री?

अमेय, ९:४०: आमच्याकडे नाही. शेवटी देशपांड्यांकडे गेली होती.

देशपांडे काकू, ९:४१: आम्ही दिवाळीआधी परत दिली. निखिलच्या हातात दिली, त्याला विचारा.

निखिल, ९:४१: काकू, मी गराजच्या शेल्फवर ठेवली आणि तसं ग्रुपवर लिहिलं होतं.

शिल्पा वहिनी, ९:४२: कुणाच्या गराजच्या? मी शेवटी कपड्यांच्या इस्त्रीने वॅक्स केलं आणि दोन ठिकाणी बेस (स्कीचा तळ) पांढरा पडला.

सुहास काका, ९:४५: वहिनी, कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान वरखाली होतं, तिथेच बेस जळतो. वॅक्सच्या पाकिटावरचा आकडाच लावा, धूर निघाला तर जास्त झालं. इस्त्री एका जागी थांबू द्यायची नाही, टिपकडून टेलकडे, पुढून मागे, सरकत न्यायची. अर्धा तास थंड होऊ द्या, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. जानेवारीत थंडीचं कडक वॅक्स. मऊ वॅक्सवर थंड बर्फाचे टोकदार कण रुततात आणि स्की अडखळते.

मुग्धा, ९:४७: मला उद्याचं सांगा. घ्यायचं काय?

अमेय, ९:५१: साधारण ८८ ते ९६, शक्यतो ९० च्या पुढे. ८८ च्या स्की ग्रूमरवर सर्वांत सोप्या, पण दुपारी सगळ्यांनी तुडवलेल्या ढिगाऱ्यात टिप इकडेतिकडे फेकली जाते. १०० ला कडक बर्फावर मेहनत वाढते. ब्लिझर्डची ब्लॅक पर्ल ८८ आणि फोल्कलची सीक्रेट ९६ दोन्ही बघ. मधलं हवं तर नॉर्डिकाची सँटा ॲना, तीही ९० च्या आसपास मिळते.

रेवाताई, ९:५६: सहमत. पण प्रोफाइल रुंदीइतकंच बघ. टिपला रॉकर, पायाखाली कॅम्बर (मध्ये उचललेली कमान) आणि टेलला अगदी थोडा रॉकर. दोन्ही स्कींचे तळ एकमेकींना चिकटवून धर, मध्ये फट दिसली तर तो कॅम्बर. दोन्ही तळ मध्ये दाबून ती फट मिटवली की टिपकडे फट कुठे सुरू होते ते दिसतं, तो रॉकर. नुसती रॉकरची स्की कडक बर्फावर सरकते, कारण एज फारच थोडी टेकते.

वळणाची त्रिज्या १४ ते १७ मीटर बघ. १२ च्या खाली गेलीस तर टिप रुंद असते आणि पावडरमध्ये ती मनाविरुद्ध आत वळते.

प्रसाद, ९:५८: लांबी? दुकानदार १५८ म्हणाला.

रेवाताई, १०:०१: टिपला रॉकर असेल तर टेकणारी एज कमी होते, म्हणून १६५ च्या आसपास घे, म्हणजे तुझ्या उंचीइतकी. १५८ पावडरमध्ये कमी पडेल. १७२ मोगलमध्ये (बर्फाच्या उंचवट्यांत) आणि झाडांत जड जाईल.

सुहास काका, १०:०३: टायटेनलबद्दल कुणीच बोललं नाही. ते ॲल्युमिनियमचं मिश्रण असतं आणि वेगात स्की थरथरू देत नाही. पण पूर्ण पत्रा घातलेल्या जड स्की ६२ किलोला दुपारी थकवतात. सीक्रेटमध्ये पत्रा फक्त कडेने आहे, तो चालेल.

मुग्धा, १०:०५: बाइंडिंगचा आकडा किती ठेवायचा? मी आजवर दोनवरच ठेवत होते, त्याने काही बिघडतं का?

सुहास काका, १०:०८: डीन आकडा (बाइंडिंग किती जोराला सुटावं तो) दुकानातच लावून घे, घरी हात लावू नकोस. वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि तू किती जोरात जातेस, एवढं पाहून ते लावतात. तुझी उंची आणि वजन तक्त्यात एकाच ओळीत येतात. वेगवेगळ्या ओळींत आली तर हलकी ओळ धरायची. वय ५० किंवा जास्त असेल तर आणखी एक ओळ हलकी. खोटं वजन सांगू नका कुणी, बाइंडिंग वेळेवर सुटत नाही आणि गुडघा जातो.

निखिल, १०:०९: काका, हे तुम्ही कुणाला म्हणताय ते सगळ्यांना कळलं 🙏

अमेय, १०:१२: आणि शक्य असेल तर आधी डेमो, म्हणजे भाड्याने घेऊन चालवून बघ. बऱ्याच दुकानांत घेतलं तर डेमोचं भाडं किमतीतून वजा होतं. एकाच दिवशी दोन जोड्या, एकच रन, सकाळी कडक आणि दुपारी तुडवलेली. कडक जागी आडवं घसरून बघ, स्की सारखी धरते की मध्येच सुटते. डेमोच्या एजेस बोथट असतील तर निकाल चुकतो, आधी नखावर घासून बघ, बारीक कीस निघायला हवा.

प्रसाद, १०:१५: ठीक. दुकानाला मेसेज टाकलाय, उद्या भोकं पाडू नका म्हणून. मुग्धा, ११ ला आपण दोघं जाऊ, तुझे बूट घेऊन.

मुग्धा, १०:१६: हे आधी विचारलं असतंस तर.

प्रसाद, १०:१६: ११२ परत घेतील. बॉक्स उघडलाय फक्त.

शिल्पा वहिनी, १०:१८: छान झालं. निखिल, गराज कुणाचं?

निखिल, १०:२२: आमचंच निघालं वहिनी. हीटरच्या मागे होती, आत्ता बघितली. वायर ठीक आहे, पण तळाला जुनं वॅक्स काळं झालंय. पुसून उद्या नऊपर्यंत आणून देतो.

सुहास काका, १०:२३: कोमट असताना कागदाने पुस, खरवडू नकोस.